भोंग्याचं ‘म्हणे’

माझ्या आणि शेजारच्या दोघा भावांच्या खोलीमध्ये भिंत म्हणून जी होती, तिला भिंत म्हणणं म्हणजे उगाच तिचा मान वाढवणं. प्लायवुडची फळी होती, दोन्हीकडून चुना मारलेली. पलीकडे कुणी शिंकलं की अलीकडे माझ्या कपातला चहा हलायचा. तेव्हा त्या दोघा भावांचं भांडण मी चोरून ऐकलं, असं कुणी म्हणू नये. भांडणच माझ्या खोलीत येऊन बसलं.

भर दुपार होती. मी कोबी चिरत होते.

“तू बोललास म्हणून मी थांबलो,” थोरला म्हणाला.

“मी कुठे बोललो, दादा? त्यांनी लिहून दिलं, मी वाचलं.”

“आवाज कुणाचा होता?”

धाकट्यानं कसलंसं भांडं सरकवलं.

“मी विचारतोय, आवाज कुणाचा होता?”

“माझा.”

“मग झालं तर. त्या टोपीवाल्याला मी ओळखत नाही. तो काय बरळतो त्याला मी कशाला किंमत देऊ? पण भोंग्यातनं तू ओरडत होतास, गेट उघडणार, गेट उघडणार. मला वाटलं, हा माझा सख्खा भाऊ, हा कशाला खोटं बोलेल?”

“खोटं नाही बोललो मी. मलापण वाटलं, उघडेल.”

“वाटलं! मग ‘म्हणे’ म्हणायचं होतंस. ‘गेट उघडणार म्हणे.’ एवढा एक शब्द जड झाला होता तुझ्या जिभेला?”

मग थोरल्याच्या बायकोचा आवाज आला. “अहो, हळू. पलीकडे मावशी ऐकतायत.”

मी लगेच सुरी पाटावर जोरजोरात आपटायला लागले, म्हणजे मी आपली माझ्या कामात आहे हे त्यांना कळावं. त्या नादात कोबीचा पार भुगा झाला.

ज्याला बोलणी बसली तो धाकटा. त्याला सगळी वस्ती भोंगा म्हणायची. त्याची एक तीनचाकी गाडी होती, टपावर कर्णा बांधलेला. गाडी एका हातानं चालवायची, दुसऱ्या हातात माईक. पाणी कधी जाणार, वीज कधी येणार, कुणाचं पोर हरवलंय, कुणाच्या घरी कोण गेलं, हे सगळं आम्हाला त्याच्या तोंडून कळायचं. निवडणूक लागली की उमेदवार त्याला बोलावून नेत. गंमत अशी, की भोंग्यातनं हा माणूस पुलापलीकडे ऐकू जायचा, आणि समोर बसला की त्याचं बोलणं कळायला मला त्याच्या ओठांकडे बघावं लागायचं.

थोरला बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर होता. कारखाना चालू होता तोवर त्याच्या पाळीच्या शिट्टीमुळे आमच्या वस्तीला घड्याळाची गरज नव्हती. मग एक दिवस गेटला कुलूप लागलं. थोरल्याला दुसऱ्या गावी भट्टीवर जागा मिळत होती, सामान बांधायला घेतलंही होतं. तेवढ्यात महापौरपदाची निवडणूक आली. टोपीवाला म्हणून एकजण उभा होता, त्यानं सांगितलं की मला निवडून द्या, गेट उघडून दाखवतो. भोंग्यानं ते गल्लोगल्ली ओरडून सांगितलं. थोरल्यानं सामान सोडलं आणि त्या गावाला नाही म्हणून कळवलं. टोपीवाला निवडून आला. गेट उघडलंसुद्धा. भंगारवाले ते तोडून न्यायला आले, तेव्हा.

तोवर दुसरीकडची जागा भरली होती.

त्या भांडणानंतर थोरला बायकोला घेऊन पुलापलीकडच्या वसाहतीत राहायला गेला. तिथे भाजीच्या बाजारात पोती उचलायला लागला. भट्टीपुढे आयुष्य काढलेला माणूस, पाठ त्याची आधीच गेलेली. जाताना भोंग्याशी अक्षर बोलला नाही. दोघांच्या खोलीत आता एकटा भोंगा उरला, आणि थोरल्याचा एक मोजा. भट्टीवर घालायचा तसला जाड लोकरीचा, काळपट. त्याचा जोडीदार कुठे गेला कुणास ठाऊक. भोंग्यानं तो मोजा माईकला चढवला. धूळ बसत नाही, म्हणाला. मीही म्हटलं, खरंच, चांगला बसलाय.

एकट्या माणसाच्या खोलीचे आवाज वेगळे असतात. भांडं खाली ठेवलं की ते तिथेच राहतं, कुणी उचलत नाही. फळीपलीकडनं मला त्याचा स्टोव्ह ऐकू यायचा, मग ताटलीवर चमचा, मग नळ, आणि मग काहीच नाही. मी मुद्दाम इकडून बोलायची, “भोंग्या, मीठ आहे का रे?” मीठ माझ्याकडे असायचंच. तो “आहे, मावशी” म्हणून वाटी घेऊन यायचा, दारात उभा राहायचा. लग्नाचं विचारलं की हसायचा. एकदा म्हणाला, “दादानं बघितली असती एखादी.” पुढे मी विचारणं सोडलं.

थोरला कसा आहे ते मात्र तो मलाच विचारायचा. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, अधूनमधून बाजारात मला भेटायची.

“पाठ कशी आहे म्हणाली?”

“तशीच आहे.”

“माझं काही…?”

“तुझं नाही निघालं काही.”

“बरं,” म्हणायचा, आणि वाटी घेऊन परत जायचा. त्याला एवढंच हवं होतं, की थोरल्यानं एकदा त्याचा शब्द खरा मानावा. जेवण नको, बोलणं नको, नुसतं म्हणावं की हा बोलला म्हणजे खरं असेल. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. पण इतकी वर्षं फळीला कान लावून काढली, एवढं तरी कळायला हवं ना मला.

पुढच्या निवडणुकीला टोपीवाल्याच्या समोर डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. वस्तीतल्या दवाखान्यात त्यांनी निम्म्या लोकांच्या घशात चमचा घालून पाहिला होता, त्यामुळे ओळख सगळ्यांशी. त्यांनी कारखान्याच्या मोकळ्या जागेचा मोठा फलक लावला. वर हिरवी झाडं, खाली हसणारी माणसं, आणि मधे लिहिलेलं, ‘वस्तीचा कायापालट’. मी म्हटलं, काया आमची आणि पालट त्यांचा. पण बाई वाईट नव्हत्या. जुन्या शेडमध्ये लहान लहान कारखाने उभे करू, घरटी एकाला काम देऊ, असं त्या सांगायच्या आणि सांगताना डोळ्यात बघायच्या.

त्यांच्या प्रचाराला भोंगा लागला. पहिल्या दिवशी गाडी आमच्या गल्लीत शिरली आणि मी खिडकीत आले.

“डॉक्टरीणबाईंना मत द्या! कारखान्याच्या जागेवर नवे कारखाने उभे राहणार म्हणे! घरटी एकाला काम मिळणार म्हणे!”

पहिल्यांदा मला वाटलं, मलाच नीट ऐकू आलं नाही. मग समोरच्या गॅलरीतला न्हावी हातातला वस्तरा धरून हसायला लागला, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचं तसंच बसलेलं. भोंग्याचा चेहरा मात्र पाणी जाणार सांगताना असतो तसाच. रस्ते होणार म्हणे. दिवे लागणार म्हणे. बसायला बाकं येणार म्हणे.

डॉक्टरीणबाईंचा प्रचार सांभाळणारा एक चष्मेवाला होता. तो धावत आला, आमच्या जिन्याखालीच त्यानं गाडी अडवली.

“अरे बाबा, हे ‘म्हणे’ कुणी लिहून दिलं तुला?”

“कुणी नाही. ते माझं आहे.”

“तुझं तू घरी ठेव. अर्थ कळतो का तुला त्याचा? लोक हसतायत!”

“हसू देत की. ऐकतायत तर खरं.”

“सरळ म्हण, काम मिळणार.”

“मिळणार का?” भोंग्यानं विचारलं. टोमणा नव्हता त्यात, खरंच विचारत होता.

“मिळणारच!”

“मग तुम्ही या ना गाडीत. हा घ्या माईक. तुमच्या आवाजात सांगा.”

चष्मेवाल्यानं त्या मोज्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

शेवटी बाई स्वतः आल्या. “माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?” त्यांनी विचारलं. आवाजात राग होता, तसं थोडं लागलेलंही होतं.

“तुमच्यावर आहे हो, बाई. तुम्ही दिलेल्या गोळीनं माझा ताप उतरलाय. पण काम अजून दिसत नाही. जे दिसत नाही त्याला मी म्हणे लावतो.”

“आणि दिसलं की?”

“दिसलं की काढतो.”

दुसऱ्या दिवशी बाईंच्या प्रचाराला दुसराच माणूस आपली गाडी घेऊन आला. घसा बसेपर्यंत ओरडला बिचारा, कुणी खिडकी उघडली नाही.

मग टोपीवाल्याची माणसं भोंग्याकडे आली. त्यांना वाटलं, आयतं सोनं सापडलं. म्हणाली, आमच्या गाडीवर ये, आणि डॉक्टरीणबाईंच्या एकेका वचनाचं नाव घेऊन म्हणे लाव. भोंगा गेला. बाईंच्या वचनांना म्हणे लावलं, आणि मग टोपीवाल्याचं सुरू झालं, “टोपीवाले साहेब सहा महिन्यांत सगळ्यांना घरं देणार म्हणे!” दुपारच्या चहाच्या आत त्याला तिथूनही उतरवलं. आमच्या वस्तीत इतकं हसणं पुन्हा झालं नाही. चहाच्या दुकानात, नळावर, जिथे तिथे तेच. नवरा म्हणाला लवकर येतो, की बायको म्हणायची, “म्हणे!” माझा मुलगा परगावहून फोनवर म्हणाला की पुढच्या महिन्यात येतो, तर मीही म्हणून घेतलं.

हसत होते सगळे, पण एक माझ्या लक्षात आलं. वस्तीभर फिरला भोंगा, पण पुलापलीकडे त्यानं दोन्ही वेळा गाडी नेली नव्हती.

“तिकडे का नाही गेलास?” मी विचारलं.

“तिकडे म्हणे घेऊन कसा जाऊ, मावशी?” एवढंच बोलला.

डॉक्टरीणबाई थोडक्या मतांनी निवडून आल्या. भोंग्याला निवडणुकीचं काम पुन्हा कुणी दिलं नाही. पाणी, वीज, हरवलेली पोरं आणि गेलेली माणसं, एवढं उरलं त्याच्याकडे. त्याला तो म्हणे लावायचा नाही. पाणी जाणार असं कळलं की आधी जलखात्यात जाऊन तिथल्या माणसाला गाठायचा, कुठला व्हॉल्व्ह बंद होणार ते विचारायचा, मगच माईक हातात घ्यायचा. हळूहळू असं झालं, की कुणी काही सांगितलं की बायका विचारायच्या, “भोंगा बोलला का?”

कायापालट सुरू झाला तो बाकांपासून. मग एक कारंजं झालं. कारंज्यानं कुणाचं पोट भरत नाही, पण कबुतरांची सोय झाली. भोंगा रोज गाडी काढायच्या आधी कुंपणापाशी जाऊन उभा राहायचा. आला की मी विचारायची, “काय रे, आज काय?”

“पत्रे टाकतायत.”

“म्हणजे होणार?”

“पत्रे टाकतायत,” तो पुन्हा म्हणायचा.

घरटी एकाला काम काही मिळालं नाही. शिलाईची एक शेड झाली, तिथे आमच्या जिन्यातल्या दोघी लागल्या. एक शेड नुसतीच बंद राहिली. काचेची भट्टी मात्र बांधायला घेतली, शोभेच्या दिव्यांसाठी, लहानशी. त्या वेळी पालिकेचा एक साहेब भोंग्याकडे आला. उद्घाटन आहे, आजच सांगून टाक की भट्टी सुरू झाली आणि जुन्या कामगारांना बोलावलंय.

“पेटली का?” भोंग्यानं विचारलं.

“परवा पेटेल. फीत आज कापायचीय.”

“मग मी फितीचं सांगतो.”

आणि खरंच त्यानं वस्तीभर फितीचं सांगितलं. फीत कापणार आहेत, यायचं असेल त्यांनी या. भट्टीचं नाव नाही.

भट्टी पेटायला परवाच्याही पुढे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी तो कुंपणापासून धावत आला. भोंग्याला धावताना मी तोवर पाहिलं नव्हतं. माझ्या दारात उभा राहिला, तोंडावर उष्णतेचा लाल पट्टा. “मावशी, आत जाऊन आलो. हात पुढे केला तर भाजला. माणसं घेतायत.” आणि मला काही म्हणू न देता खाली गेला. गाडी पुलाकडे वळली ते मी खिडकीतून पाहिलं.

पुढचं मला वहिनीनं सांगितलं. थोरल्याच्या घराखाली गाडी थांबली. कर्णा वर, खिडकीच्या दिशेनं. “काचेची भट्टी पेटली. मी पाहून आलो. जुनी माणसं घेतायत. आजच जा.” तेवढंच, दोनदा. शेवटी ‘म्हणे’ नाही. थोरला आत पलंगावर बसला होता. वहिनी म्हणाली, “अहो, खिडकी उघडू का?” तो म्हणाला, “राहू दे.” पण पायात चपला घालायला लागला. खाली उतरेपर्यंत गाडी गेलेली होती. भोंगा थांबला नाही. त्याला काय वाटलं असेल देव जाणे. बंद खिडकी पाहून माणूस किती वेळ थांबणार?

थोरल्याला घेतलं भट्टीवर. वहिनी मिठाई घेऊन माझ्याकडे आली, भोंगा घरी नसताना. “थोरला कुणाला सांगतो का, भावानं सांगितलं म्हणून?” मी विचारलं. ती मान खाली घालून म्हणाली, “विचारलं तर म्हणतात, कळलं कुठूनतरी.”

तिनं दिलेल्यातला अर्धा वाटा मी भोंग्याला वाटीत घालून दिला. कुणाकडचा ते त्यानं विचारलं नाही. तो खाल्ल्याचा आवाज मला फळीपलीकडून आला नाही, म्हणजे बराच वेळ नुसता बघत बसला असणार.

कुंपणापाशी तो तरीही जायचा. आता आत थोरला असायचा.

“दिसला का?”

“दिसला.”

“बोलला?”

“भट्टीचा आवाज फार असतो, मावशी.”

मी म्हटलं, “तुझ्याकडे एवढा मोठा कर्णा आहे, त्यातून हाक मार की.” हसवावं म्हणून म्हटलं. तो हसला. हसता हसता खोकला लागला, आणि तो खोकला मग त्याच्याकडे राहायलाच आला.

डॉक्टरीणबाई महापौर असल्या तरी त्यांनी स्वतः येऊन त्याची छाती तपासली. जाताना मला जिन्यात म्हणाल्या, “आजी, यांना बोलू देऊ नका.” मी म्हटलं, “बाई, तो घरात बोलतोच कुठे?”

एका सकाळी पलीकडे स्टोव्ह वाजला नाही. न्हाव्यानं आणि मी मिळून दार ढकललं. तो झोपल्यासारखाच होता. त्या दिवशी वस्तीभर बातमी सांगायला कुणी नव्हतं. ज्यानं सगळ्यांच्या गेल्याचं सांगितलं, त्याच्या गेल्याचं न्हाव्याला दारोदार जाऊन सांगावं लागलं.

सगळं आटोपल्यावर खोली रिकामी करायला वहिनी आली, आणि तिच्या मागे थोरला. तो आत आला नाही. जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. केस पांढरे झालेले, पाठीत वाकलेला. वहिनीच मला हळूच म्हणाली, “मावशी, ते गेले त्याच्या आदल्या दिवशी भावजी आमच्या गल्लीत पाण्याचं सांगून गेले. खालचा किराणावाला ओरडला, ‘पाणी येणार नाही म्हणे!’ सगळे हसले. तर हे खिडकीत उठून उभे राहिले. म्हणाले, ‘म्हणे नाही. तो म्हणे म्हणाला नाही. भरून ठेवा.’ सगळ्यांना ऐकू जाईल असं.”

“त्यानं ऐकलं का?”

“गाडी वळली होती हो तोवर.”

थोरल्यानं तिकडून मला विचारलं, “मावशी, शेवटचं काय बोलला?”

“पाणी भरून ठेवा म्हणाला.”

तो म्हणाला, “नाही आलं पाणी.”

“नाही आलं,” मी म्हटलं.

तो शेवटचा दिवस तसा काहीच वेगळा नव्हता. सकाळी भोंगा जलखात्यात जाऊन आला. मोठा व्हॉल्व्ह बदलायचा आहे, उद्या दिवसभर पाणी नाही. मी म्हटलं, “आज नको जाऊस, घसा बघ तुझा.” तो म्हणाला, “लोक आंघोळीला बसतील ना, मावशी.” गाडी काढली. आधी आमची गल्ली, मग शिलाईच्या शेडकडची, मग बाजार, मग पूल. प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचा, खोकून घ्यायचा, माईक तोंडापासून लांब धरून, म्हणजे खोकला लोकांच्या घरात जाऊ नये. मग सांगायचा. उद्या पाणी येणार नाही. आजच भरून ठेवा. उद्या पाणी येणार नाही.

परत आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. गाडी जिन्याखाली लावली, कर्ण्यावर फडकं बांधलं. माईकवरचा मोजा काढून दोनदा झटकला आणि पुन्हा नीट चढवला. वर येताना माझ्या दारात थांबला.

“मावशी, भरलंत का?”

“भरते रे. तू म्हणालास ना.”

“मोठं पातेलंही भरा,” तो म्हणाला, आणि माझी कळशी उचलून नळाखाली लावून गेला.